नवी घ्यावं का जुनी?

“अक्का, गाडी नवी घ्यावं का जुनी? तेवढंच सांगा की.”

गेली अठरा वर्षं मी सोलापुरात एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात आहे. वाहनकर्जाची प्रत्येक फाईल माझ्या टेबलावरून जाते. त्यामुळे हा प्रश्न मला खिडकीपाशी विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेत उभी असतानाही विचारतात. मागच्या महिन्यात तो विचारला एका टॉवेल कारखान्यातल्या मुकादम अण्णांनी. घरात पाच माणसं, दोन पगार मिळून पंचेचाळीस हजार, दारात दोन स्कूटर. आईचे गुडघे गेलेत, तिला मागच्या सीटवर बसवत नाही. दर पौर्णिमेला अक्कलकोट आणि वर्षातून दोनदा पुण्याला लेकीकडे, एवढाच प्रवास. शोरूममध्ये जाऊन आले होते. तिथला कागद खिशात चार घड्या करून ठेवलेला.

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, जरा सविस्तर. अण्णांसारखी पहिलीच गाडी असेल आणि महिन्याला चार-पाचशे किलोमीटरच्या वर चालणार नसेल, तर दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी घ्या. मात्र आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, तुमचं नाव लागेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. लोक पहिलं वाक्य ऐकतात आणि उठतात. मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला आमच्या घरातलंच कारण आहे, ते पुढे येईल.

आधी पैशाचं. अण्णांच्या त्या कागदावर ठळक अक्षरांत एकच आकडा होता: महिना ९,६५३ रुपये. ६ लाखांचं कर्ज, ९ टक्के, ७ वर्षं. मी कागद उलटा केला आणि मागे गुणाकार मांडला. ८४ हप्त्यांचे ८ लाख १० हजारांच्या वर जातात, म्हणजे नुसतं व्याजच २ लाख १० हजार. तेच कर्ज ५ वर्षांत फेडायचं म्हटलं तर व्याज दीड लाखाच्या आत येतं, पण हप्ता १२,४५५ होतो, तो त्यांना झेपणारा नव्हता. मग खाली जुनी गाडी मांडली. कर्ज ३ लाख. जुन्या गाडीला व्याजदर जास्त असतो, म्हणून १३ टक्के धरला. मुदत ३ वर्षं. हप्ता आला १०,१०८, आणि एकूण व्याज ६४ हजारांच्या आत. हप्त्यात फरक साडेचारशेचा. पण एक हप्ता तीन वर्षांत संपतो, दुसरा सात वर्षं चालतो.

अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत होते. “म्हणजे धाकटा शिकून नोकरीला लागंल, तरी आपलं हप्ता चालूच,” म्हणाले.

नव्या गाडीची किंमत कशी उतरते ते विम्याच्या कोष्टकात स्वच्छ दिसतं. विमा कंपनी गाडीची किंमत धरताना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३० आणि चारपर्यंत ४० टक्के घसारा वजा करते. बाजारभाव याहून थोडा वर-खाली असतो, पण अंदाज यावरून येतो. शिवाय दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात ११ टक्के रोड टॅक्स लागतो आणि तो पहिल्या मालकानं एकरकमी भरलेला असतो. एमएच-१३ ची, म्हणजे सोलापूरच्या नंबरची, गाडी एमएच-१३ मध्येच घेतली तर तो तुम्हाला परत भरावा लागत नाही.

एक गोष्ट अलीकडची. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा सेस, म्हणजे उपकरही गेला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, पण जुनी विकणाऱ्यांच्या तोंडी अजून आधीचेच भाव असतात. “नवी साडेसातला पडते हो, मी साडेपाचच म्हणतोय,” असं कुणी म्हणालं तर त्याच मॉडेलचा आजचा ऑनरोड भाव, म्हणजे टॅक्स-विम्यासकट रस्त्यावर येईपर्यंतचा, शोरूममधून विचारून या, मग बोला.

किती जुनी चालेल? इथे मी हट्टी आहे. २०२२ च्या आधीची शक्यतो नको. ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) २०१९ मध्ये सक्तीचे झाले. शेजारी बसणाऱ्याची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना आली ती २०२१ संपताना. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत शेजारची जागा तशीच उघडी असते. आणि त्या जागेवर आई बसणार असते. पुण्याचा रस्ता अडीचशे किलोमीटरचा आहे, चौपदरी, आणि त्यावर ताशी शंभरनं सगळेच पळतात. तीस-चाळीस हजार वाचवायला तिथे तडजोड करू नये. पेट्रोलचंही बघा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या पेट्रोलला धरून बांधलेल्या आहेत. तेवढी अलीकडची मिळाली तर उत्तमच.

आपलं गाव सीमेवरचं, त्यामुळे विजापूर, गुलबर्गा, हैदराबादच्या गाड्या इथे सारख्या विकायला येतात. दिसायला पन्नास-साठ हजारांनी स्वस्त असतात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणायची, इथे टॅक्स नव्यानं भरायचा, तिकडे भरलेल्याचा परतावा मूळ मालकानं मागायचा. एवढं होईस्तोवर स्वस्ताई उरत नाही. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे गाडी ठेवता येत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. दिल्लीकडची डिझेल गाडी कुणी दाखवली तर ती इथवर का आली ते आधी विचारा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं येत राहिली आहेत.

आता गाडी बघण्याबद्दल. मी कागद बघते. गाडी बघायला आमच्या ओळखीचे मिस्त्री येतात, पस्तीस वर्षं गॅरेजात घालवलेला माणूस. त्यांचा नियम असा की गाडी दोनदा बघायची. एकदा सकाळी सातला, इंजिन पूर्ण गार असताना. विकणाऱ्यानं आपण यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर त्या दिवशी न बघताच परत फिरायचं. दुसऱ्यांदा दुपारी दोनला, उन्हात उभी असलेली, एसी तपासायला. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. सकाळी सगळेच एसी गार वाटतात. चारचौघं बसवून तुळजापूरचा घाट एकदा चढवला की क्लचचंही कळतं.

अण्णांसाठी पहिली गाडी बघितली ती एका व्यापाऱ्याकडे. पांढरी शुभ्र, २०२२ ची, मीटरवर ३१ हजार. पॉलिश इतकं की त्यात आपला चेहरा दिसावा. अण्णांना बघताक्षणी आवडली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. ते पुढच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढत गेले. रोज वापरात येणारा भाग काळाभोर होता. पार शेवटचा वीतभर भाग, जो एरवी खांबाच्या आत गुंडाळलेलाच राहतो, त्यावर बोटभर रुंदीची खाकी रेघ होती. मिस्त्रींनी तिच्यावर अंगठा घासला आणि तो अण्णांपुढे धरला. माती. मग मागची डिकी उघडून स्टेपनी उचलली. खालच्या खोलगट पत्र्यावर कोपऱ्यात तीच माती वाळून बसली होती. सीटच्या पट्ट्यांचे स्क्रू गंजलेले. गाडी पाण्यात बुडून निघालेली होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. ही गाडी कुठल्या पाण्यातली ते कळायला मार्ग नाही. पण बुडालेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये ओल शिरलेली असते, आज चालते आणि सहा महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागतो, मग पॉवर स्टेअरिंग, मग आणखी काही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे, हेही बघून ठेवा. तो मुळीच लागला नाही तर कुणीतरी दिवा काढलेला असू शकतो.

मीटर मागे घेतलेला ओळखायला टायर बघा. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०२२ ची गाडी, मीटर २० हजार आणि टायर २०२५ चे, असं असेल तर पहिले चार टायर वीस हजारांत कसे संपले, हे विचारायचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर दिला की शेवटच्या सर्व्हिसिंगला किती किलोमीटर होते ते बहुतेक वेळा सांगतात.

आता घरातली गोष्ट.

२०१३ मध्ये बाबांनी आमची जुनी व्हॅन विकली. घेणारा व्यापारी ओळखीतला. त्यानं रोख पैसे मोजले, बाबांकडून फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्याच सह्या घेतल्या आणि “पंधरा दिवसांत नावावरून काढतो, गुरुजी,” म्हणाला. बाबा शिक्षक, शब्दावर विश्वास ठेवणारे. मी तेव्हा याच टेबलावर बसत होते आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. व्हॅननं एका मोटरसायकलवाल्याला उडवलं होतं. त्याचा पाय मांडीपासून गेला होता. व्हॅन तिघांच्या हातून फिरली होती, विमा कधीच संपला होता आणि आरसीवर अजून बाबांचं नाव होतं.

बाबा तारखांना जात राहिले. बहात्तर वर्षांचा माणूस, एसटीनं, हातात कागदांची पिशवी. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली आणि बाबांनी आपल्या ठेवीतून पैसे भरले. तो मुलगा कोर्टाच्या व्हरांड्यात कुबड्या भिंतीला टेकवून बसलेला असायचा. बाबा त्याच्यासाठी चहा आणायचे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका प्रकरणात हेच सांगितलं, की गाडी मधे कितीही हातांतून गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. तो निकाल मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

म्हणून नवी गाडी घेणाऱ्यांनाही मी हे ऐकवते. एक्स्चेंजमध्ये जुनी गाडी देऊन नव्याची चावी घेता, पेढे वाटता, आणि जुनी मात्र तुमच्याच नावावर कुठेतरी फिरत असते. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून घ्या. नाव बदललं की नाही ते मोबाईलवर एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये स्वतः बघा. विमासुद्धा चौदा दिवसांत नव्या नावावर व्हायला हवा, नाहीतर गाडीला ठोकर लागली तर दुरुस्तीचा दावा कंपनी नाकारते. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. विकणाऱ्यानं विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन तो आपल्या नव्या गाडीच्या विम्याला लावावा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पन्नास टक्क्यांपर्यंत सूट असते. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.

नवी घ्या असं मी कुणाला सांगत नाही असं नाही. बार्शीला रोज जाऊन-येऊन करणारं एक शिक्षक जोडपं होतं, दिवसाला दीडशेच्या आसपास किलोमीटर. त्यांना मी नवीच घ्यायला लावली, कारण रोजच्या रस्त्यावर गाडी बंद पडणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि वॉरंटीचा खरा उपयोग अशांनाच. गाडी बारा-पंधरा वर्षं ठेवणार असाल, किंवा तपासून देणारं जवळ कुणीच नसेल, तरी नवी बरी.

अण्णांना तिसऱ्या खेपेला गाडी मिळाली. जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त बँकवाल्यांची, २०२३ ची, एकहाती वापरलेली, सर्व्हिसिंगच्या पावत्या तारीखवार फाईलला लावलेल्या. सौदा ४ लाख ४० हजारांना ठरला. १ लाख ४० हजार अण्णांचे, ३ लाख आमचे. बॅटरी, सर्व्हिसिंग आणि दोन टायरसाठी वेगळे तीस हजार त्यांना आधीच बाजूला काढायला लावले. विकणाऱ्यांना देण्याच्या रकमेतले तीस हजार मी संस्थेतच थांबवले आणि ते का, ते दोघांना समोर बसवून सांगितलं. बँकवाले लगेच म्हणाले, “बरोबर आहे, मीही हेच केलं असतं.”

विमा अण्णांच्या नावावर झाला. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला, “अक्का, मोबाईलवर अजून त्येंचंच नाव दाखवतंय. पैसे देऊन टाकायचं का? माणूस चांगलाय ओ.”

माणूस चांगलाच आहे. तीस हजार अजून संस्थेतच आहेत.