आईचा हिशेब

आई गेल्यावर भेटायला आलेल्या बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली, की तुमच्या आईने फार कष्ट उपसले. ते खरेच आहे. पण असे बोलणे ऐकता ऐकता ती बिचारी वाटू लागते, आणि बिचारेपण तिला कधी मानवले नाही. सोलापूरच्या पूर्व भागात हजारो बायका घरी बसून विड्या वळत आल्या, त्यांतली ती एक. पण ती उत्तम कारागीर होती, पैशाला पैसा जोडणारी होती आणि आपल्या कामाचे मोल दुसऱ्याला ठरवू देणारी नव्हती, हे कोठे तरी लिहून ठेवावे म्हणून हा खटाटोप.

देश स्वतंत्र झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. लग्न होऊन आली तेव्हा वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते, म्हणजे घरात महिन्याला ठरलेला पगार येत होता. पुढे गिरणी बंद पडली आणि वडील चादरीच्या मागावर जाऊ लागले. तेथे सूत मिळाले तर काम आणि काम झाले तर मजुरी, अशी स्थिती. आईच्या विड्या तोपर्यंत जोडधंदा होता. त्यानंतर घर विड्यांवरच चालले.

ते काम मी अनेक वर्षे जवळून पाहिले. रात्री तेंदूची पाने पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी त्यांवर मापाचा पत्र्याचा फर्मा ठेवून जाड शिरा चुकवत कात्रीने तुकडे कापायचे, मग सूप मांडीवर घेऊन एकेका तुकड्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी तो घट्ट पण फाटणार नाही इतपतच वळायचा, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा आणि चाळीस कट्ट्यांचे हजार, कारण मजुरी हजारावर मिळे. आईचे खरे कसब कात्रीत होते. कारखान्यातून पाने वजनावर मिळत आणि त्यांतच हजार भरावे लागत. कमी पडली तर पदरचे पैसे घालून विकत घ्यावी लागत. किडके पान इतर बायका बाजूला टाकत, तेच आई उजेडाकडे धरून पाही आणि भोके चुकवून त्यातून एखादा तुकडा हमखास काढी. आमच्या गल्लीत पाने विकत न घेणारी बाई म्हणून तिचे नाव होते.

मला मात्र तिने कात्रीला हात लावू दिला नाही. शाळेतून आल्यावर शेजारच्या मुली आईच्या बाजूला बसून दोरा बांधत, आणि मला वही घेऊन दाराकडे तोंड करून बसावे लागे, त्याचा तेव्हा राग येई.

कारखान्यात माल देताना तपासनीस काही विड्या खराब म्हणून छाटत असे. छाटलेल्या विड्यांची मजुरी मिळत नसे, आणि विड्या मात्र तेथेच राहत. एके दिवशी आईने सर्वांदेखत सांगितले, "खराब हायेत म्हणता ना, मग माझ्यासमोर मोडा की." त्याने मोडल्या नाहीत. आई हातची टोपली घेऊन तेथेच बसून राहिली, आणि मागच्या रांगेतल्या बायकाही हलेनात. त्यानंतर तिच्या मालातली छाट कमी झाली, एवढे नक्की. पुढे काही महिने तिला मुद्दाम वाईट पाला दिला गेला, हेही तितकेच खरे. तिच्या लेखी ते चालणारे होते.

घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला कामगार मानणारा कायदा १९६६ साली झाला, १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी आला आणि नंतर भविष्य निर्वाह निधीही लागू झाला. हे सगळे मी नोकरी लागल्यावर कागदोपत्री वाचले. आईला ते मोर्चातून माहीत होते. माझ्या शाळेची शिष्यवृत्ती त्याच कल्याण निधीतून मिळाली. अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय का निघायचे नाही, हे चौथीपर्यंतच शाळा शिकलेल्या आईने मला शिकवले.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण तिच्याकडून ऐकावी ती भाकरीच्या संदर्भात. रेशनवर परदेशातली मिलो ज्वारी मिळे, आणि तिची भाकरी थापताना कडेने चिरे. एरवी मंगळवेढ्याच्या शाळूची, पापडासारखी पातळ, मंद आचेवर वाळवून कडक केलेली भाकरी करणाऱ्या आईला तो आपल्या हातांचा अपमान वाटे. दुष्काळात पोट भरले की नाही यापेक्षा भाकरी चिरली, हे दुःख ती अधिक सांगे. त्या काळात ती स्वतः किती वेळा उपाशी राहिली असेल, हे तिने कधी बोलून दाखवले नाही आणि आम्ही विचारल्यावर विषय बदलला.

देवावर तिची श्रद्धा होती, पण तिचे देवही कामाच्या वेळा सांभाळून असत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो. त्या दिवसासाठी ती आदल्या आठवड्यात जास्तीच्या विड्या वळून ठेवी. मिरवणुकीतले उंच काठ्यांचे नंदीध्वज दिसले की हात जोडून ती डोळे मिटत असे, आणि परतताना गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या बाजारात, आम्हाला बत्तासे घेऊन देताना वजनाच्या काट्यावरून नजर हटवत नसे.

नातवंडांची आज्जी झाल्यावर ती मऊ झाली असे सगळे म्हणतात. मला तसे वाटत नाही. तिने नातवंडांना पाढेही कट्ट्यांवर शिकवले, "पंचवीस चोक शंभर" चुकले की पुन्हा पहिल्यापासून. थोरल्या नातीने एकदा तिला विचारले, "आज्जी, विडीने माणसे मरतात, मग तू का वळतेस?" घरात सगळे गप्प झाले. आई म्हणाली, "तुझी फी भरून झाली की सोडते." तंबाखूच्या धुळीने तिला जडलेला खोकला आम्ही सर्वच रात्री ऐकत होतो, आणि त्या प्रश्नाचे याहून बरे उत्तर आमच्यापैकी कोणापाशी नव्हते. ती नात इंजिनियर होऊन पुण्याला गेली, त्या वर्षी आईने खरोखरच सूप खाली ठेवले.

भविष्य निर्वाह निधीचे पैसे हाती आले तेव्हा तिने बँकेत माझ्याशेजारी बसून वाटणी सांगितली. सगळी रक्कम नातींच्या नावे, सारखे भाग, लग्नासाठी नव्हे तर शिक्षणासाठी. नातवांना काहीच नाही का, असे मी विचारले. "पोरांना समदे देतात की," एवढे म्हणून तिने अंगठ्याऐवजी आपली सही केली, अक्षरे एकेक सुटी करून. माझा मुलगा त्यावरून अजून कुरकुर करतो, आणि त्याच्या बहिणी त्याला आज्जीची बाजू पटवून देण्याच्या फंदात पडत नाहीत.