घर वाचवायचे की बँक?

2008 च्या सुमारास अमेरिकेत गृहकर्जे थकू लागली आणि घरांवर जप्तीची टाच आली, तेव्हा सरकारने बाजारात हात घालावा की नाही, हा वाद मला आजही अर्धवट वाटतो. कारण त्याच वर्षी बँकांसाठी 700 अब्ज डॉलरची तरतूद मंजूर झाली होती, म्हणजे हात घातला गेलाच होता. खरा प्रश्न तो कोणासाठी, हा होता.

2009 मध्ये ओबामा सरकारने कर्जदारांसाठी ‘हॅम्प’ ही योजना आणली. मासिक हप्ता कुटुंबाच्या ढोबळ उत्पन्नाच्या 31 टक्क्यांवर आणायचा, तीन महिने तो नियमित भरला गेला की सवलत कायम करायची, असा तिचा आराखडा होता. अंमलबजावणी मात्र कर्जाची वसुली करणाऱ्या खासगी कंपन्यांकडेच राहिली. कर्जदाराने पगाराच्या पावत्या पाठवायच्या, त्या गहाळ व्हायच्या, पुन्हा मागवल्या जायच्या आणि तोवर जप्तीची कारवाई पुढे सरकलेली असायची. तीस ते चाळीस लाख कुटुंबांचे लक्ष्य गाठले गेले नाही, यात नवल ते काय!

1933 मध्ये, महामंदीत अशीच घरे जप्त होत असताना, अमेरिकेच्या रूझवेल्ट सरकारने वेगळी वाट धरली होती. त्यासाठी स्थापन केलेल्या सरकारी महामंडळाने रोख्यांच्या बदल्यात बँकांकडून थकीत कर्जे थेट स्वतःकडे घेतली आणि सुमारे दहा लाख कर्जदारांना पंधरा वर्षांच्या मुदतीची, समान हप्त्यांची नवी कर्जे दिली. तरीही त्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा घरे जप्त झालीच. पण 1951 मध्ये महामंडळ गुंडाळले गेले, तेव्हा ते तोट्यात नव्हते.