देवाची इच्छा ओळखायची कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये रविवारची उपासना सुटली की फाटकापाशी कुणीतरी गाठतंच. "आंटी, पुण्याची ऑफर आली आहे. जाऊ की इथंच राहू? देव सरळ काहून सांगत नाही?"

सांगतो की! फक्त नोकरीबद्दल फारसं बोलत नाही.

वर्षअखेरच्या उपासनेत बायबलमधलं वचन लिहिलेली चिठ्ठी मीही हौसेनं उचलते. पण डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट टेकेल ती ओळ हुकूम मानायची, हे मला पटत नाही. मागचंपुढचं सोडून काढलेली ओळ हटकून आपल्या मनातलंच बोलते.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 16वा अध्याय काढा. येशूचा प्रेषित पौल, त्याला आसियात (तेव्हाचा एक रोमी प्रांत) वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्यानं अडवलं. शेजारच्या बिथुनिया प्रांताकडे वळला, तिथंही मनाई. मग त्रोवस शहरात रात्री दृष्टान्त झाला: मासेदोनियाचा माणूस मदतीला बोलावतोय. पौल गेला, आणि तिथल्या फिलिप्पै शहरात फटके खाऊन तुरुंगात पडला! वाट देवाचीच होती, तरी पाठ सोलली गेली. "सगळं सुरळीत झालं, म्हणजे देवाची इच्छा" असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आपल्याकडचे कवी ना. वा. टिळक घ्या. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, वर भाकीत केलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते काही खरं वाटलं नाही. त्यांना धरून ठेवलं ते नव्या करारातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं. 1895मध्ये बाप्तिस्मा झाला आणि संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या.

मग भरवसा ठेवायचा कशावर? पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना स्पष्ट लिहितो, ख्रिस्त मरणातून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. सगळा भार तिथं आहे, खुणांवर नाही. क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून देवाला विनवलं होतं. तो टळला नाही. माझी प्रार्थना फळली नाही तरी मी देवाला सोडत नाही, ते यामुळेच.

राहिली पुण्याची नोकरी. प्रार्थना कर. पगार, घरभाडं, आईबाबांचं औषधपाणी कागदावर मांड, मंडळीतल्या जाणत्यांशी बोल. कुठे लबाडी नाही, कुणाला वाऱ्यावर सोडणं नाही, तर दोन्हींतली आवडेल ती वाट धर. आणि लवकर कळव बाबा, कंपनी काही तुझ्या दृष्टान्तासाठी थांबायची नाही.