बाई, पाइपाचा चुंबक झाला!

मी मूळची मराठीची शिक्षिका. जूनमध्ये विज्ञानाच्या सरांची बदली झाली आणि नवीन सर येईपर्यंत सातवी-आठवीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. शाळा राजापूर तालुक्यातली. पट बेताचा, त्यामुळे दोन्ही वर्ग एकाच खोलीत. मी स्वतः विज्ञान शेवटचं उघडलं होतं ते दहावीला.

पहिलाच धडा स्थितिक विद्युतचा. कंगवा केसांवर घासायचा, तो कागदाचे कपटे उचलतो. यात चुकण्यासारखं काय आहे? जुलैचा महिना, बाहेर धो धो. पोरांनी कंगवे घासून घासून डोकी लाल केली, एक कपटा हलेल तर शपथ! हे प्रयोग लिहिणारे बहुधा देशावर राहत असावेत. आपल्याकडच्या दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि घर्षणाने आलेला विद्युतप्रभार त्यावरून निसटून जातो. त्यात केसांना चोपडलेलं खोबरेल.

दुसऱ्या दिवशी वायरिंगच्या पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे, लोकरीचा मफलर आणि इस्त्री घेऊन गेले. खिडक्या लावल्या, मफलर इस्त्रीने चांगला कोरडा केला, त्याने पाइप खसाखसा घासला. कपटे टुणकन उडून चिकटले! दहा-पंधरा सेकंदांत गळूनही पडले, पण तेवढं पुरलं. लोकरीतले इलेक्ट्रॉन पाइपावर येतात म्हणून पाइप ऋणप्रभारित होतो, हे मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात मागून ओरडा झाला, "बाई, पाइपाचा चुंबक झाला!"

झालं असं, की आठवीतल्या एका मुलीने आदल्या दिवशी चुंबकसूची केली होती. जुन्या स्पीकरचा चुंबक सुईवर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा फिरवायचा आणि सुई मधोमध बांधून दोऱ्याने टांगायची. ती दक्षिणोत्तर स्थिरावते. आता पाइप जवळ नेला तर सुईचं टोक वळून त्याच्याकडे येत होतं. "मग हे चुंबकच ना?" मला उत्तर सुचेना. उद्या सांगते म्हटलं. शिक्षकाचं हे वाक्य किती जुनं आहे कोण जाणे.

रात्री वाचत बसले. गाठ साधी होती, पण मला ती शाळेत कुणी सोडवून दाखवली नव्हती. सकाळी त्याच मुलीला म्हटलं, "दुसरं टोक ओढून बघ." तेही आलं. मग पाइपाऐवजी स्पीकरचा चुंबक धरायला लावला, त्याची एकच बाजू सुईसमोर ठेवून. एक टोक आलं, दुसरं झटकन लांब पळालं. पाइप मात्र दोन्ही टोकांना नुसता ओढत होता, ढकलत कुणालाच नव्हता. पाइपावरच्या ऋणप्रभारामुळे सुईतले इलेक्ट्रॉन पलीकडे सरकतात, अलीकडची बाजू धन होते, म्हणून ओढ. कागदाचंही थोडंफार तसंच, फक्त त्यात प्रभार जागच्या जागी किंचित हलतात. चुंबक मात्र लोखंड, निकेल, कोबाल्ट असल्या मोजक्याच धातूंना ठळक ओढतो, कागदाकडे ढुंकून बघत नाही. थोडक्यात, ओढलं म्हणून ओळख पटत नाही, ढकललं तर पटते. लगेच एक घासलेला पाइप टांगून त्याच्याजवळ दुसरा नेला. तो मागे सरला. सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात! या वेळी ओरडा माझा होता.

विद्युतचुंबकाला, म्हणजे तारेतल्या विजेने होणाऱ्या चुंबकाला, मात्र मी वेगळ्याच कारणाने आपटले. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली, खिळ्यावर साठ वेढे घातले, दीड व्होल्टचा सेल लावला. टाचणी ढिम्म. सेल बदलला, खिळा बदलला. अर्धा तास गेल्यावर एका पोराने विचारलं, "बाई, तारेला रंग आहे का?" होता. त्या तारेवर इनॅमलचं आवरण असतं. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय सेलशी संपर्कच होत नाही. खरवडल्यावर नऊ टाचण्या लोंबल्या. तार तापते, म्हणून पाच-सात सेकंदांच्या वर जोडून ठेवू द्यायची नाही, हे चटका बसल्यावर कळलं.

मग टांगलेली सुई पुन्हा काढली. खिळ्याच्या टोकाकडे सुईचं टोक आलं. सेल उलटा केल्यावर तेच टोक लांब पळालं. कोपनहेगनमध्ये 1820 साली ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने तारेत वीज सोडल्यावर शेजारची चुंबकसूची हललेली पाहिली होती. वीज आणि चुंबकत्व ही दोन वेगळी घराणी नाहीत, हे तिथून उलगडत गेलं. आमच्याकडे तेच दोऱ्याला बांधलेल्या सुईने दाखवलं.

सेल काढला की चुंबकत्व गेलं, असं मी ठणकावून सांगितलं आणि सेल काढला. सात टाचण्या पडल्या, दोन तशाच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खिळ्याचं लोखंड कडक, थोडं चुंबकत्व धरून ठेवतं, ते लगेच जायचं असेल तर नरम लोखंड हवं, हे पुस्तकात होतं. पण नरम लोखंड आणायचं कुठून? एकाचे वडील सेंट्रिंगच्या कामावर आहेत. तो दुसऱ्या दिवशी सळया बांधायच्या बायंडिंग तारेची जुडी घेऊन आला. ती सहज वाकते, कारण ती तापवून नरम केलेली असते. जुडीवर वेढे घातले, टाचण्या उचलल्या, सेल काढला. सगळ्या पडल्या.

"एक राहिली," ती आठवीतली मुलगी म्हणाली. जवळ जाऊन बघितलं. टाचणी तारांच्या फटीत अडकली होती.