पोटॅशियम ७.८

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीतील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेकडे होती. आमच्या दोन सहकाऱ्यांनी सकाळी सात ते दहा या वेळेत तेथे जाऊन ११२ जणांचे रक्त घेतले, आणि दुपारी चारच्या सुमारास मी सही करण्यापूर्वी एकेक अहवाल वाचत होते. शेहेचाळीस वर्षांच्या एका भट्टी कामगाराच्या अहवालात पोटॅशियमपुढे ७.८ हा आकडा दिसला आणि माझा हात थांबला.

रक्तातील पोटॅशियम साधारणतः ३.५ ते ५.१ मिलिमोल प्रति लिटर असते. ते ६.५ च्या वर गेले तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. म्हणून असा आकडा आला की छापील अहवालाची वाट न पाहता लगेच फोन करायचा, हा आमचा नियम आहे. मी फोन केला. पहिली पाळी संपवून ते नुकतेच घरी पोहोचले होते. "मॅडम, भाकरी खायला बसलोय, बोला की," असे ते अगदी स्वस्थपणे म्हणाले. धडधड नाही, अशक्तपणा नाही, कोणतीही गोळी चालू नाही. तरीही मी त्यांना सांगितले की ताट बाजूला ठेवा, मुलाच्या गाडीवर मागे बसा आणि जवळच्या रुग्णालयात जाऊन आधी ईसीजी काढून घ्या.

फोन ठेवल्यावर मी तोच अहवाल वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. क्रिएटिनिन ०.९ होते, म्हणजे मूत्रपिंडे व्यवस्थित काम करत होती. कॅल्शियम मात्र ३.६ होते. ते साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान असायला हवे. इतके खाली गेलेल्या माणसाच्या हातापायांना पेटके येतात, त्याला झटकेही येऊ शकतात, आणि हे गृहस्थ तर आठ तास भट्टीपुढे उभे राहून घरी आले होते. अल्कलाइन फॉस्फटेज हे यकृत व हाडांशी संबंधित विकर (एन्झाइम) केवळ १४ होते. रक्तपेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढते, म्हणून मी ट्यूब उजेडात धरून पाहिली. वरचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, स्वच्छ, गवती पिवळे होते, त्यात लालसर छटा नव्हती.

पोटॅशियम वर आणि कॅल्शियम व फॉस्फटेज खाली, हे तिन्ही एकत्र दिसले की आमच्या क्षेत्रातील माणसाला जांभळ्या झाकणाची ट्यूब आठवते. त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असते आणि ते बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात वापरलेले असते. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे यंत्राला कॅल्शियम कमी दिसते. फॉस्फटेजला काम करण्यासाठी लागणारे जस्त आणि मॅग्नेशियमही ते काढून घेते. हिमोग्राम आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) यांसाठी ती ट्यूब योग्यच आहे, पण तिच्यातले थोडेसे रक्त जरी सीरमच्या पिवळ्या ट्यूबमध्ये गेले, तरी माणूस ठणठणीत असताना अहवाल त्याला मरणाच्या दारात उभा करतो.

मी रक्त घेणाऱ्या मुलीला आत बोलावले आणि आवाज न चढवता विचारले. तिने काहीही लपवले नाही. शीर बारीक होती, पिवळी ट्यूब अर्धीच भरली आणि रक्त थांबले. रांग मोठी होती, दुसऱ्यांदा सुई टोचायला तिचे मन धजेना, म्हणून जांभळ्या ट्यूबमधले थोडे रक्त तिने पिवळीत ओतले. तिचे डोळे भरून आले होते. तिच्यावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता, कारण ट्यूबचा क्रम मी तिला शिकवला होता. एका ट्यूबमधले रक्त दुसरीत ओतायचे नाही, ते कशासाठी, हे मात्र कधी समजावून सांगितले नव्हते.

तिनेच मग विचारले, "मॅडम, आणखी कुणाचं झालं असेल तर?" आम्ही दोघींनी सर्व ११२ अहवाल गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहिले. एका कामगाराचे पोटॅशियम ५.६, कॅल्शियम ७.३ आणि फॉस्फटेज ३१ होते. गेल्या वर्षी त्याचेच फॉस्फटेज ८८ होते. मला खरी भीती वाटली ती या अहवालाची. तो कोणालाही दचकवणारा नव्हता. तसाच बाहेर गेला असता तर त्या माणसाला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या आणि नसलेल्या आजाराच्या पुढच्या तपासण्या त्याच्यामागे लागल्या असत्या.

तोवर रुग्णालयातून ईसीजी निर्दोष असल्याचा निरोप आला होता. मी स्वतः तेथे जाऊन नव्याने रक्त घेतले. पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.४, फॉस्फटेज ७६. रात्री आठ वाजता मी त्यांच्या घरी फोन केला, तो त्यांच्या पत्नीने उचलला. दुपारपासून त्यांच्या घरात कोणी धड जेवले नव्हते. चूक आमच्या हातून झाली हे मी स्पष्ट सांगितले आणि क्षमा मागितली. "म्हणजे आता काही नाही ना, मॅडम?" त्यांनी विचारले.

त्या प्रश्नाचे "नाही" हे उत्तर मला देता आले नाही. पोटॅशियमच्या धावपळीत त्याच पानावरच्या दोन आकड्यांवरून माझी नजर दुपारी सरकून गेली होती. उपाशीपोटीची साखर १५८ होती आणि एचबीएवनसी ७.९, दोन्ही मधुमेहाकडे बोट दाखवणारे. साखरेची ट्यूब वेगळी होती, आणि एचबीएवनसीसाठी जांभळीच लागते, त्यामुळे या दोन्ही आकड्यांना त्या मिसळीची बाधा नव्हती. सहा महिन्यांपासून रात्री दोनदा लघवीला उठावे लागते, हे मी विचारल्यावर त्या गृहस्थांनी सांगितले. सकाळी शिबिरात त्यांना ते कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन फिजिशियनकडे जा, असे मी सांगितले, आणि तो अहवाल त्यांच्या हाती देताना पोटॅशियमची ओळ सोडून साखरेच्या दोन ओळींखाली पेनाने रेघ ओढली.