मध्यबिंदू जोडले आणि...

आठवीच्या वर्गात या वेळी प्रमेय फळ्यावर लिहिलंच नाही. टॅबवर जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर उघडून दिलं आणि एवढंच म्हटलं, "कसाही चौकोन काढा, बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडा." मग मागच्या बाकावर जाऊन बसले. गप्प बसणं फार जड गेलं. २० वर्षांची बोलायची सवय!

थोड्या वेळात एक मुलगी शिरोबिंदू ओढता ओढता ओरडली, "बाई, बाहेरचा कितीही वाकडा केला तरी आतला समांतरभुजच राहतोय!" सगळे तिच्याभोवती गोळा. कुणीतरी एक कोपरा आत ढकलून पाहिला. तरी तेच. "पण का?" हे मी विचारायच्या आत त्यांनीच एकमेकांना विचारलं. एकाने कर्ण काढला, आणि त्रिकोणाच्या मध्यबिंदूंचं प्रमेय त्यांना आपसूक आठवलं: दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो.

हे फ्रेंच गणितज्ञ व्हारिन्यों यांचं प्रमेय, १७३१ साली छापलेलं, हे मी तास संपताना सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो शोध त्यांचा उरला नसता. मात्र पडद्यावर दिसलं म्हणजे सिद्ध झालं, असं तीन-चार जणांना अजून वाटतंय. उद्या टॅब बंद. सिद्धता वहीत, पेन्सिलीनं.