जी की व्ही? चौतिसाव्या चाकूची नोंद

जुने मिटणारे चाकू जमवायचा मला नाद आहे, आणि प्रत्येकाची नोंद ठेवतो. मागच्या नोंदीनंतर दोनच चाकू आले. पहिला फौजी, काळ्या खवल्यांच्या मुठीचा, दाभण आणि डबा फोडायचं पातं असलेला. त्यावर सरकारी बाण (ब्रिटिश सरकारी मालावरची खूण) आणि साल दोन्ही स्वच्छ उठलेलं, १९४३. पाच मिनिटांत ओळख पटली, पुसून पेटीत ठेवला. असे चाकू मिळाले की बरं वाटतं, पण लिहिण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्याने, म्हणजे चौतिसाव्याने, मात्र तीन आठवडे खाल्ले.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी, नळाच्या तोट्या आणि किल्ल्या हरवलेली कुलपं यांच्या ढिगात हा पडला होता. मिटलेला असताना सव्वातीन इंच. दोन पाती, दोन्ही गंजून मुठीत रुतलेली. मूठ पिवळट, एका बाजूला केसाएवढी चीर. विकणारे मामा म्हणाले, "इंग्रजाच्या जमान्यातला आहे साहेब, साडेतीनशे." त्यांच्याकडे सगळंच इंग्रजाच्या जमान्यातलं असतं, स्टीलची चहाची गाळणीसुद्धा. दोनशेला सुटला.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी एक कबुली. माझा नववा चाकू मी घेतल्याच दिवशी धारवाल्याच्या चाकावर दिला होता. पातं आरशासारखं होऊन आलं आणि बुडाशी असलेला बनवणाऱ्याचा छाप साफ गेला. आता तो कोणाचा, कधीचा, काही सांगता येत नाही. कांदा कापायला आहे. तेव्हापासून नियम एकच: छाप वाचून होईपर्यंत पॉलिश पेपर घरात आणायचा नाही.

याला शिलाई मशीनच्या तेलात पाच दिवस बुडवून ठेवला. रोज संध्याकाळी सांध्यात एक थेंब, मग जाड कापडात धरून हलकेच ओढायचं. पकड लावायची नाही. नखाची खाच एकदा फाटली की गेली. सहाव्या दिवशी मोठं पातं अर्ध्यावर आलं आणि पाठीची स्प्रिंग 'टक्' वाजली. त्या आवाजासाठी हा खेळ. स्प्रिंग जिवंत असेल तर निम्मा चाकू जिवंत.

मग पात्याच्या बुडाचा गंज. तो मी पाव आण्याच्या जुन्या नाण्याने काढतो. ब्राँझ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे तेल लावून कडेने खरवडलं तर गंज निघतो आणि पोलादावर ओरखडा उठत नाही. आधी एक तारा दिसला, मग त्याच्या शेजारी माल्टीज क्रूस. इथे मी भिंग खाली ठेवून चहा करायला गेलो, कारण तारा आणि क्रूस म्हणजे चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातले जोसेफ रॉजर्स अँड सन्स. याच कारखान्याने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी पंचाहत्तर पात्यांचा नॉरफोक चाकू केला होता, आणि १८२२ साली त्या सालाएवढीच, म्हणजे १८२२ पाती असलेला दुसरा एक. आपल्याकडे साहेबाच्या टेबलावर आणि कारकुनाच्या खिशात, दोन्हीकडे त्यांचा माल असायचा. बोरू तासायला याहून बरं पातं कुठलं?

नाव मोठं म्हणून नकलाही फार. शेफील्डची नावं ठोकलेला परका माल इतका झाला होता की ब्रिटनने १८८७ मध्ये खोट्या व्यापारी छापांविरुद्ध कायदा केला. म्हणून पहिल्यांदा स्पेलिंग बघा. खऱ्या रॉजर्समध्ये 'डी' असतो. माझ्याकडच्या दोन 'रॉजर्स'मध्ये तो नाही. दोन्ही मी हौसेने घेतले होते.

याच्यात डी होता. त्याच्या वर एक मुकुट, मुकुटाच्या उजवीकडे 'आर', आणि डावीकडचं अक्षर गंजाने खाल्लेलं. 'आर' म्हणजे राजा किंवा राणी (लॅटिनमध्ये रेक्स किंवा रेजिना), आणि डावीकडे त्यांच्या नावाचं आद्याक्षर. राणी व्हिक्टोरिया असेल तर तिथे व्ही हवा, म्हणजे १८३७ ते १९०१. मला व्ही हवाच होता, आणि हवा असला की दिसतोही. चार दिवस तो मला दिसत होता. घरच्यांनाही दाखवला, त्यांनाही दिसला. बिचारे काय करतील!

पाचव्या दिवशी खडूची पूड बोटाने खाचेत दाबली, वरची पुसली, दिवे घालवले आणि टॉर्च अगदी आडवा धरला. पांढरी रेघ खाली गोल वळली. व्हीला वळण नसतं. जी!

मग पुढचा घोळ. कुठला जॉर्ज? पाचवा, १९१० ते १९३६. किंवा सहावा, १९५२ पर्यंत. पण चौथाही आहे, १८२० ते १८३०, आणि रॉजर्सना राजाश्रय त्याच्याच काळात मिळाला. दोनशे रुपयांत दोनशे वर्षांचा चाकू! ती रात्र झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

सकाळी मुठीच्या टोकांवरच्या धातूच्या टोप्यांना लोहचुंबक लावलं. चिकटलं नाही. कडेला घासलेल्या जागी पिवळसर पांढरी झाक, म्हणजे जर्मन सिल्व्हर. चौथ्या जॉर्जच्या काळातल्या साध्या चाकूला तिथे लोखंड हवं होतं. आणि दोन दिवसांनी छोटं पातं सुटलं, तेव्हा त्याच्या बुडाशी शेफील्डच्या खाली 'इंग्लंड' निघालं.

या 'इंग्लंड'बद्दल थोडं थांबतो. अमेरिकेने १८९० मध्ये मॅकिन्ले कायदा केला आणि १८९१ पासून तिकडे येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. त्यावरून अमेरिकी संग्राहकांचा ठोकताळा आहे: देशाचं नाव असेल तर १८९१ नंतरचा, नसेल तर आधीचा. पहिला अर्धा बहुतेक वेळा चालतो. दुसरा अर्धा आपल्या बाजारात लावू नका. मुंबई बंदरात उतरलेल्या चाकूला अमेरिकेचा कायदा लागू नव्हता, तेव्हा नुसतं 'शेफील्ड' म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. मी एकदा दिलेत.

चौथा जॉर्ज बाद झाला, म्हणून पेटीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं: रॉजर्स, १९१० ते १९५२. 'स्टेनलेस' असा शब्द कुठे नाही, पण त्यावरून साल ठरत नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीचं न गंजणारं पोलाद १९१३ चं असलं तरी साध्या पोलादाचे चाकू पुढेही बनतच राहिले.

मुठीचं पहिल्यांदा हस्तिदंत वाटलं होतं. भिंगाखाली बारीक काळे ठिपके आणि उभ्या रेघा दिसल्या, म्हणजे साधं हाड. हस्तिदंताच्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या वळणदार रेषांची जाळी दिसते. हाड निघालं हे बरंच झालं. आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे आणि सांबरशिंगही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं. "जुनं आहे, चालतं" असं विकणारा म्हणतो. वनखात्याचा माणूस म्हणणार नाही.

पेटीत जागा करताना एक नुकसान लक्षात आलं. कासवाच्या पाठीसारख्या नक्षीची सेल्युलॉइडची (जुन्या काळच्या प्लास्टिकची) मूठ असलेला एकवीस नंबर पावसाळाभर बंद डब्यात इतरांबरोबर होता. सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सुटते. शेजारच्या तीन पात्यांवर हिरवट काळे डाग पडलेत, आणि त्याची स्वतःची मूठ बोटाला चिकटते. तो आता उघड्या फळीवर, एकटा. तुमच्याकडे तसल्या मुठी असतील तर आजच वेगळ्या काढा आणि ओळखण्यासाठी तापलेली सुई वगैरे टोचू नका, सेल्युलॉइड भक्कन पेटतं.

चौतिसाव्याला धार लावलेली नाही. छोटं पातं मिटताना किंचित डावीकडे घासतं, मुठीच्या आतली पितळी पट्टी वाकली असावी. रिव्हेट काढायचं धाडस अजून होत नाही. या आठवड्यात पट्टी आणि पात्याच्या मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून बघणार आहे.